लंडनचा पास आणि गुडघ्यांचा हिशेब

प्रश्न : ताई, मेअखेरीस आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी मुलीकडे जातोय. ती लंडनबाहेर स्लावला राहते. मी ६८, ही ६६. हिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जावई म्हणतात, सहा दिवसांचा 'लंडन पास' काढून टाकू, म्हणजे पुन्हा पुन्हा तिकिटांची कटकट नको. मुलगी म्हणते, मुळीच काढू नका. घरात दोन पक्ष पडलेत. तुम्ही सांगाल ते दोघांना मान्य आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : जावयांचा मान ठेवून सांगते, या वेळी मुलीचं ऐका.

पास म्हणजे काय ते आधी बघू. एकदाच पैसे भरायचे, मोबाइलवर कोड येतो, आणि घेतलेल्या दिवसांत यादीतल्या हव्या तेवढ्या ठिकाणी तो दाखवून आत जायचं. हे अनलिमिटेड थाळीसारखं आहे. 'कितीही खा' म्हणताना मालकाला पक्कं ठाऊक असतं की सहाव्या पुरीला माणूस हात धुवायला उठतो. शिवाय हे दिवस सलग मोजतात, तेही कॅलेंडरच्या तारखेने. दुपारी तीनला पहिल्या फाटकावर कोड दाखवलात, की तो अख्खा दिवस खर्ची पडला. मधे पाऊस लागला, पाय सुजले, किंवा मुलीने अचानक रजा टाकून घरी पुरणपोळीचा घाट घातला, तरी पासाची तारीख पुढे सरकतेच.

टूर लीडर म्हणून मी लोकांना तिथे फिरवायचे तेव्हा माझा एक आडाखा होता. असा पास फिटायचा तर दिवसाला किमान तीन मोठी ठिकाणं व्हायला हवीत. मोठी म्हणजे ज्यांचं तिकीट पंचवीस-तीस पौंडांच्या घरात किंवा त्याहून वर आहे अशी. आता तुमचा दिवस मांडून बघा. टॉवर ऑफ लंडनला साडेतीन-चार तास जातात. वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चला दोन, आणि तिथे दुपारी साडेतीनच्या सुमाराला शेवटचा प्रवेश. मधे जेवण, दोन वेळा बसणं, तीन वेळा बाथरूम. तिसरं ठिकाण बसवणार कुठे? बसवलंत तरी वहिनींचा गुडघा दुसऱ्या दिवशी त्याची वसुली करेल.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कुठे सापडणार नाही. पासाचे दर दोनच असतात, मोठ्यांचा आणि मुलांचा. ज्येष्ठांचा वेगळा दर नाही. उलट टॉवर, ॲबी, सेंट पॉल्स कॅथीड्रल, क्यू गार्डन्स अशा ठिकाणी ६५ पुढच्यांना स्वतंत्र सवलतीचं तिकीट मिळतं. तुम्ही दोघंही ६५ च्या पुढचे. म्हणजे पास घेतलात तर स्वतःची सवलत स्वतःच सोडून दिलीत. सुटी तिकिटं काढा, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवा.

जावयांना पटवण्यासाठी एक खास मुद्दा देते. तुम्ही राहणार स्लावला, आणि स्लावहून विंडसर कॅसल आगगाडीने सहा-सात मिनिटांवर! विंडसर पासाच्या यादीत आहे हे खरं. पण किल्ला चालवणाऱ्या संस्थेकडून थेट तिकीट घेतलं, तर ते वर्षभराच्या पासात बदलून मिळतं. तिकिटाची रक्कम देणगी म्हणून धरायला संमती द्यायची, सही-शिक्का करून घ्यायचा, बस. तीन आठवडे शेजारी राहणाऱ्या माणसांना याहून सोयीचं काय असेल? एका सकाळी महालाची दालनं बघा, दुसऱ्या दिवशी नुसतं सेंट जॉर्ज चॅपल. फक्त मंगळवार-बुधवार किल्ला बंद असतो. आणि चॅपल रविवारी पर्यटकांसाठी उघडं नसतं, तेव्हा तो दिवस चॅपलसाठी ठेवू नका.

टॉवर मात्र चुकवू नका. सकाळी उघडता उघडता पोचा आणि इतर काहीही न बघता सरळ रत्नजडित मुकुटांच्या इमारतीत शिरा. अकरानंतर तिथली रांग अंगणभर वळसे घेते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहायचं की तो तुम्हाला अलगद पुढे नेतो. कोहिनूर १९३७ साली घडवलेल्या मुकुटात आहे, सध्याच्या राजाच्या आजीच्या. बरेच जण बाजूच्या राजदंडातला भलामोठा हिरा बघून 'हाच तो' म्हणत पुढे जातात. तो कलिनन, दक्षिण आफ्रिकेतला, ५३० कॅरेटचा. आपला त्याच्यापुढे लहानखुरा, १०५ कॅरेटच्या आसपास. आपली मंडळी तिथे पोचली की 'परत आणला पाहिजे' यावर वाद सुरू होतो, पण पट्टा सरकता असल्यामुळे तो कधी पुरा होत नाही. एका फेरीत समाधान झालं नाही तर मागे जाऊन पुन्हा पट्ट्यावर उभे राहा. लाल-निळ्या वेशातले पहारेकरी फिरवून गोष्टी सांगतात, ती फेरी तिकिटातच असते, आणि ती खरंच ऐकण्यासारखी असते. टॉवरच्या आवारातल्या व्हाइट टॉवर या मधल्या इमारतीच्या जिन्यांना मात्र वहिनींनी बाहेरूनच नमस्कार करावा.

आता जे कुठल्याच पासात नाही, आणि मला विचाराल तर तुमच्या तीन आठवड्यांतलं सगळ्यात चांगलं आहे, त्याबद्दल. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्ट्री, सायन्स म्युझियम. सगळी फुकट. कायमस्वरूपी दालनांना तिकीटच नाही. फुकट असण्याचा खरा फायदा पैशाचा नाही, तो असा की तासाभरात बाहेर पडलं तरी मन खात नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये फक्त अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघा, बाकावर बसा, कॉफी घ्या आणि घरी या. चार दिवसांनी पुन्हा जा. शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरलेली असते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट तर शुक्रवारी रात्री दहापर्यंत. तिथे टिपूचा लाकडी वाघ आहे, गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेला. पोटात ऑर्गन असलेलं ते यांत्रिक खेळणं आहे. वाघनखं शोधत मात्र दालनं पालथी घालू नका. ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात. ती महाराजांचीच होती असं सिद्ध करता येत नाही, हे त्या लंडनच्या संग्रहालयानेच नोंदवलंय. पण मिरजेहून सातारा जवळ असताना ती बघायला लंडन गाठणारे लोक मला भेटलेत, म्हणून सांगून ठेवलं.

याशिवाय आपल्या माणसांनी बघायची तीन घरं. चॉक फार्म स्टेशनजवळ १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते तेव्हा. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा तपासून घ्या. तिथून चालत गेलं की प्रिमरोझ हिल. टेकडी लहान, चढ सावकाश, आणि माथ्यावरून सगळं लंडन दिसतं, बिनतिकिटाचं.

दुसरं घर १०, हाउली प्लेस, मेडा व्हेल भागात. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य १९१८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा ते इथे राहत होते. भिंतीवर निळी पाटी आहे. तिसरं हायगेटचं इंडिया हाउस, ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, तिथे सावरकरांच्या नावाची पाटी आहे. ही दोन्ही खासगी घरं, बाहेरून बघायची, घंटा वाजवायची नाही. (वाजवणारे असतात.) तीनही एका दिवसात उरकू नका. हाउली प्लेसच्या जोडीला शेजारच्या 'लिटल व्हेनिस'च्या कालव्याकाठी बसा. वहिनींना आवडेल.

प्रवासाचंही बोलते, कारण पासात बस-रेल्वे धरलेली नसते आणि हे लोकांना तिथे पोचल्यावर कळतं. स्लावहून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे थेट लंडनच्या पोटात जाते. टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरा, लिफ्टने वर या, ब्रिटिश म्युझियम चालण्याच्या अंतरावर. या मार्गाची शहरातली स्टेशनं नवी आहेत, जिने न चढता बाहेर पडता येतं. साडेनऊच्या आत निघू नका, तेव्हाचं भाडं जास्त आणि गर्दीही जास्त. लंडनच्या बस-रेल्वेचं ऑयस्टर कार्ड स्लावला चालत नाही, काँटॅक्टलेस बँक कार्ड चालतं. दोघांची दोन वेगळी कार्डं हवीत, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. आपल्या बँका परदेशी व्यवहारावर वर थोडे पैसे लावतात, तेव्हा कमी लावणारं कार्ड न्या. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत.

आणि त्या उघड्या टपाच्या पर्यटक बसला पैसे घालण्याआधी १५ नंबरच्या साध्या लाल बसमध्ये बसून बघा. ट्रॅफल्गर चौकाजवळ चढा, सेंट पॉल्सवरून ती टॉवरपाशी नेते. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर उत्तम. तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. वहिनींच्या गुडघ्याला वरचा जिना नको असेल, तर खाली दारापाशीच्या सीटा ज्येष्ठांसाठीच आहेत, आणि तिथे लोक उठून जागा देतात.

प्रश्न : पास असला की रांगेत उभं राहावं लागत नाही, असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिकिटाच्या रांगेत राहावं लागत नाही. पण हल्ली तिकीट लोक घरूनच काढून आणतात, त्यामुळे ती रांग तशीही आखूड झालीय. लांब असते ती सामान तपासणीची, आणि तिथे पासवाला, तिकीटवाला सगळे सारखे. काही ठिकाणी पास असूनही वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते. ती न राखता गेलात तर वैध पास हातात घेऊन बाहेर उभे राहाल. पास घेतल्यावर पहिलं काम हेच, की कुठे वेळ राखायचीय ते यादीत बघून त्याच दिवशी राखून टाकणं.

प्रश्न : आम्ही चौघं, मुलं ८ आणि १३ वर्षांची. स्कॉटलंडला जाताना लंडनमध्ये तीन पूर्ण दिवस मिळतात, बुध ते शुक्र. मुलांना टॉवर, बोट, प्राणिसंग्रहालय आणि 'उंचावरून लंडन' बघायचंय. तीन दिवसांचा पास घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्यासारख्यांसाठीच पास निघालाय. वेळ कमी, पाय धडधाकट, ठिकाणं ठरलेली. तरीही तीन नको, दोन दिवसांचा घ्या, बुध आणि गुरू. वार तुम्हाला सोयीचे पडलेत. रविवार असता तर ॲबी आणि सेंट पॉल्स दोन्ही फक्त प्रार्थनेसाठी उघडी असती आणि पासाचा एक दिवस फुकट गेला असता.

बुधवारी सकाळी नऊला टॉवरच्या दारात उभे राहा. साडेबाराला बाहेर, जेवण बरोबर नेलं असेल तर नदीकाठच्या बाकावर. मग टॉवर ब्रिजच्या वरच्या मजल्यावर जा. नदीपासून ४२ मीटर उंचावर काचेची जमीन आहे. धाकटा त्यावर लोळेल, मोठा फोटो काढेल आणि तुमच्यापैकी एकजण कडेच्या लोखंडाला धरून चालेल. तिथून बोटीने ग्रीनिच आणि कटी सार्क, चहा वाहून नेणारं १८६९ सालचं शिडाचं जहाज. ते पाचला बंद होतं, तेव्हा बोट अडीचच्या पुढे जाऊ देऊ नका. झाली चार ठिकाणं, पास एकाच दिवसात निम्म्याहून अधिक वसूल.

गुरुवारी प्राणिसंग्रहालय. ते रीजंट्स पार्कात आहे, १८२८ पासूनचं. मुलं तिथून तीन वाजेपर्यंत निघणार नाहीत, तेव्हा वाद घालू नका. मग वेळ उरला तर ॲबी सोडा, सेंट पॉल्स घ्या. तिथे घुमटाच्या टोकापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत आणि मुलांना पायऱ्या मोजायला आवडतात. शेवटचा प्रवेश चारच्या सुमाराला असतो, तेव्हा प्राणिसंग्रहालयातून निघायला उशीर झाला तर तोही बेत सोडून द्या. हॅम्प्टन कोर्ट महाल यादीत मोहात पाडेल. महाल सुरेख आहे, भूलभुलय्याही आहे, पण शहराबाहेर आहे आणि त्यात अख्खा दिवस जातो. म्हणजे पासाचा एक दिवस एका तिकिटात संपला. तो पुढच्या खेपेला.

'उंचावरून लंडन' मात्र पासात मोजूच नका. शार्ड या गगनचुंबी इमारतीचं तिकीट धरलं की पासाचा हिशेब कागदावर एकदम लठ्ठ दिसतो, आणि विकणाऱ्यांना तेच हवं असतं. हॉरायझन २२ ही बिशप्सगेटवरची जागा त्याहून थोडी उंच आहे, ५८ व्या मजल्यावर, आणि फुकट आहे. स्काय गार्डनही फुकट. दोन्हीकडे आगाऊ नाव नोंदवावं लागतं आणि जागा भराभर संपतात, म्हणून नोंदणी उघडली रे उघडली की घरातल्या एकाने लॅपटॉप घेऊन बसायचं.

शुक्रवार साउथ केन्सिंग्टनला. नॅचरल हिस्ट्री म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा, डायनोसॉर, शेजारी सायन्स म्युझियम, सगळं बिनतिकिटाचं.

मुलांचा पास डोळे झाकून घेऊ नका. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणचं मुलांचं तिकीट वेगळं बघा आणि बेरीज करा. मोठ्यांना पास आणि मुलांना सुटी तिकिटं, असं कधी कधी स्वस्त पडतं. तसं करायला कुणाची ना नाही. आठ वर्षांचा तुमच्याबरोबर ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, फुकट जाईल. तेरा वर्षांच्यासाठी ऑयस्टर कार्ड घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला 'यंग व्हिजिटर' सवलत त्यावर चढवायला सांगा. दोन आठवडे निम्मं भाडं. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. लंडन आय, मेणाचे पुतळे, हॅरी पॉटरचा स्टुडिओ यातलं काय कुठल्या पासात बसतं ते सारखं बदलतं, तेव्हा मुलांना शब्द देण्याआधी यादी बघा.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी डिसेंबरात जयपूरला जातोय. तिथे सगळ्या ठिकाणांचं मिळून एकच तिकीट असतं म्हणे. घ्यावं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : घ्या, बिनधास्त. मघाशी इतकं 'नको नको' म्हटलं, पण हे सरकारी एकत्रित तिकीट सरळ आहे. दोन दिवस चालतं. त्यात आमेर, जंतर मंतर, हवा महल, अल्बर्ट हॉल संग्रहालय, नाहरगढ, ईसरलाट हा मनोरा आणि सिसोदिया राणी व विद्याधर या दोन बागा येतात. आमेरच्या फाटकावर तिकीट काढू नका, तिथे रांग सगळ्यात मोठी असते. आदल्या संध्याकाळी शहरात काढावंसं वाटेल, पण मग दोनांतला एक दिवस गेला. सकाळी उघडल्याबरोबर हवा महलला जा आणि तिथे काढा. हवा महल आतून चढून बघायचा असतो. ९५३ खिडक्या मोजायच्या भानगडीत पडू नका, वाऱ्याला उभ्या राहा.

तिथून जंतर मंतर ही जुनी वेधशाळा पाच मिनिटांवर. हे ठिकाण लोक दहा मिनिटांत उरकतात, कारण समोर काय आहे तेच कळत नाही. इथे पैसे वाचवू नका, सरकारी ओळखपत्र असलेला गाइड घ्या. सवाई जयसिंगाने बांधलेलं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीचं घड्याळ, २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांच्या फरकाइतकी बारीक वेळ वाचता येते. गाइड सावलीचा काठ दाखवतो, आणि बघता बघता ती सरकलेली दिसते. ऊन हवं, म्हणून दुपारच्या आत जा. धुकं असेल तर क्रम उलटा करा, आधी अल्बर्ट हॉल.

सिटी पॅलेस आणि जयगढ या तिकिटात नाहीत. ती राजघराण्याकडची, त्यांची तिकिटं वेगळी. रिक्षावाले 'सब एक ही टिकट में है' म्हणतील, ते सोडून द्या. सिटी पॅलेस जंतर मंतरला लागूनच आहे, पैसे मोजून बघण्यासारखा आहे. दुसरा दिवस आमेरचा. आठला पोचा, अकरापर्यंत उरका. वर जयगढ आहे, आमेरहून भुयारी वाटेनेही जाता येतं, आणि तिथे 'जयबाण' तोफ आहे. वाटलं तर जा, नाहीतर थेट नाहरगढ. तिथे सूर्यास्ताला सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. पण तो रस्ता वळणावळणाचा आहे आणि अंधारात खाली यायला रिक्षा मिळत नाही, तेव्हा येताना-जाताना दोन्हीची गाडी आधीच ठरवून घ्या आणि थांबण्याचे पैसे बोलून ठेवा. आमेरचा रात्रीचा प्रवेश निराळ्या तिकिटावर असतो, तो या तिकिटात मागू नका. तिघींपैकी कुणी अजून शिकत असेल तर कॉलेजचं ओळखपत्र न्या, विद्यार्थ्यांचा दर बराच कमी आहे.